खोट्या घंटेचा बंदोबस्त

“परत वाजली, मेली!” वागिमान मागच्या शेडमधून धावत आला. पलंगावर माझी धाकटी बहीण लास्त्री वाकड्या तोंडाने हसत होती. “मी नाही हो,” ती अडखळत म्हणाली. “पंपानं बोलावलं तुम्हाला.”

अर्धांगवायूने लास्त्री अंथरुणाला खिळली आणि तिच्या नवऱ्याने, वागिमानने, हा खटाटोप मांडला. तिच्या अंगठ्याखाली बटण, तिथून लांबलचक वायर, शेडमध्ये भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डवर चिप आणि घंटा. बसमध्ये तिकिटं फाडण्यात जन्म गेलेला माणूस. म्हातारपणी हा नाद लागला. पण पाण्याचा पंप सुरू झाला, की वायरीत खरखर शिरून घंटा आपोआप वाजायची.

“अरे, साधी पितळी घंटा दे की तिला,” मी म्हणायचे.

“ती उचलायला हात कुठाय तिचा, म्बाक नार्ती?” तो खेकसायचा. म्बाक म्हणजे ताई; बायकोची थोरली बहीण म्हणून तो मला तसंच हाक मारायचा.

त्याने वायरी आखूड केल्या, चिपला खेटून खरखर शोषणारा कपॅसिटर लावला. घंटा कमी वाजू लागली, पण थांबेना. मग एका सकाळी त्याने बटणालाच मोठा कपॅसिटर जोडला. आता क्षणभराच्या झटक्याला घंटा दाद देणार नव्हती. बटण दाबून धरलं तरच वाजणार. पुन्हा पुन्हा स्वतः दाबून पाहिलं. “म्बाक, बघा! पंप चालू आहे आणि घंटा गप्प!” मी टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायला मलांगच्या बाजारात निघाले होते. कित्येक महिन्यांनी तो असा खुश दिसला.

दुपारी परतले तेव्हा घशात कफ अडकून लास्त्री गेलेली. अंगठा बटणावरच होता. हा शेडमध्ये नवीन काहीतरी जोडत शीळ घालत बसलेला.

सातव्या दिवसाची प्रार्थना आटोपली, माणसं भाताचे डबे घेऊन पांगली. इतके दिवस मी जीभ आवरली होती. चटया गुंडाळता गुंडाळता विचारलंच, “बटण तिच्या अंगठ्याखाली होतं रे. मग घंटा का नाही वाजली?”

तो पलंगाशी गेला. बटण दाबलं. शेडमध्ये घंटा खणखणली. “बघा. वाजते.”

मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने अंगठा सैल सोडला आणि लास्त्रीचा थरथरायचा तसा थरथरवत बटणाला टेकवला. कट, कट, कट. शेड गप्प. त्याने पुन्हा केलं, आणखी पुन्हा.

तो मटकन खाली बसला. “खरखर समजून मी तिलाच गाळलं, म्बाक.”

त्याला सुनवायचं म्हणून तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि त्याच्याजवळ बसले.