लग्नाची ट्यूब

आपल्याकडे मुलीचं लग्न ठरलं, की पत्रिका छापून यायच्या आधी घरात तोंडाला लावायची एक ट्यूब येते. ती मावशीच्या मुलीने लावलेली असते, तिच्या नणंदेने लावलेली असते, आणि प्रत्येकीचा रंग म्हणे महिन्यात उजळलेला असतो. गौतमीच्या भावकीत तिला 'लग्नाची ट्यूब' असंच नाव होतं. दुकानात जाऊन एवढं म्हटलं, की डॉक्टरची चिठ्ठी न मागता हातात पडायची!

गौतमी वडगाव रासाईची. बी.कॉम. झालेली, पण घरच्या कांद्यात आईबापाच्या बरोबरीने राबणारी. खुटबावच्या विक्रमशी तिचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी तिची होणारी सासू साखरबाई जाता जाता गौतमीच्या आईला, गिताबाईंना, म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, विहीणबाई. उन्हानं रापलीया तेवढी. मे महिन्यातली तारीख हाय, तवर उजळंल तेवढं बघा."

झालं! दुसऱ्याच दिवशी ट्यूब घरात.

पहिले पंधरा दिवस चेहरा खरंच उजळला. शेजारणी थांबून बघू लागल्या आणि गिताबाईंचे पाय जमिनीला लागेनात. तेवढ्यात कांदा काढणीला आला. मजूर मिळेना, म्हणून घरच्यांनीच रानात उतरायचं ठरलं. गौतमीने नेहमीसारखा वडिलांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट ड्रेसवरून चढवला आणि डोक्याला ओढणी गुंडाळायला घेतली, तर आईने शर्ट ओढून काढला.

"गौते, आता मजुरणीवानी दिसू नको. रस्त्यानं जाताना खुटबावच्या कुणी बघितलं म्हंजी?"

"आई, ऊन किती हाय!"

"ट्यूब लावलीया न्हवं? मग ऊन काय करतंय?"

आता काय म्हणावं या अकलेला! ज्या शर्टाने कातडी राखली असती तो खुंटीवर गेला, आणि मुलगी उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी भर बारा वाजता वाकून कांदा काढू लागली. मुलगी गोरी व्हावी आणि ती उन्हापासून अंग झाकताना मात्र कोणाला दिसू नये, असा हा आमचा न्याय.

तिसऱ्या आठवड्यात गाल लाल झाले. मग बारीक पुळ्या आल्या. भाकरी करायला बसली की तोंड भाजल्यासारखं व्हायचं. एक दिवस ट्यूब लावली नाही तर आग आणखी वाढली, म्हणून गिताबाईंनी दिवसातून दोनदा लावायला सांगितलं. बस्ता आठ दिवसांवर आला होता. दौंडच्या कापड दुकानात दोन्ही घरची माणसं लग्नाच्या कपड्यांसाठी जमणार होती, आणि गौतमीला आरशात बघवत नव्हतं. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, तर उशीचा अभ्राही गालाला टोचायचा.

अशात शहजादी सिस्टर कांदा न्यायला त्यांच्या घरी आल्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या बाई. निम्म्या गावाला लस त्यांनीच टोचलेली. कुणाचं अंग आणि कुणाचा स्वभाव त्यांच्यापासून लपत नसे.

"गौतमी, तोंड दाखव."

"घामोळं हाय, सिस्टर," गिताबाई घाईने मध्ये पडल्या.

"घामोळं मला शिकवती व्हय, गिते? काय लावताय ते आण."

ट्यूब आली. सिस्टरांनी चष्मा चढवून बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ह्यात स्टिरॉइड हाय! एखाद्या चट्ट्याला, डॉक्टरनं सांगितलं तेवढेच दिस लावायचं औषध हे. तुम्ही महिनाभर तोंडाला फासताय! ह्यानं कातडी पातळ पडती. मग तिला ना ऊन सोसत, ना आच."

"पण रंग तर उजळला हुता..."

"भिंतीचा गिलावा खरवडल्यावर भिंत नवी दिसती का गं? रंग म्हंजी मळ न्हाई घासून काढायला. उन्हापासून राखायला अंगानं धरलेली सावली हाय ती. ती तू काढलीस, आन् वर पोरीला उघडी उन्हात लोटलीस."

गिताबाई पुटपुटल्या, "आन् लग्न मोडलं तर, सिस्टर?"

"स्थळं छप्पन मिळत्यात. तोंड एकच हाय पोरीला. उद्या दौंडला कातडीच्या डॉक्टरकडं न्या."

दुसऱ्या दिवशी नेलं. डॉक्टरांनी ट्यूब कशी सोडायची ते समजावलं, आग शमवायला औषध दिलं. अकरा ते चार उन्हात जायचं नाही. गेलंच तर सुती कपड्याने अंग झाकायचं, सनस्क्रीन लावायचं आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. भरून यायला काही महिने लागतील, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. लग्न मात्र पंधरा दिवसांवर होतं.

बस्त्याच्या दिवशी दुकानातल्या गादीवर सगळे बसले. साखरबाईने लाल शालू उचलला. "ओढणी काढ गं. अंगाला कसा दिसतोय बघू."

गौतमीने ओढणी काढली. साखरबाईचा हात शालूसकट तसाच राहिला.

"अगं बाई! हे काय झालं?"

"काही न्हाई, घामो..." गिताबाईंच्या तोंडून निघालंच होतं.

"घामोळं न्हाई, आत्या," गौतमी म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "तुम्ही उजळायला सांगितलं, आम्ही ट्यूब लावली, त्यानं हे झालं. आता मी गोरं व्हायचं काहीसुदिक लावणार न्हाई. ऊन टाळीन, रंग न्हाई टाळणार! आन् बारा पस्तीसचा मुहूर्त बी मला नको. मे महिन्यात भर दुपारी मी उभी ऱ्हाणार न्हाई. संध्याकाळचा धरा."

दुकानदार मीटरपट्टी हातात धरून बघतच राहिला. साखरबाई गिताबाईंकडे वळली. "पोरीला आवरा, विहीणबाई. न्हाईतर..."

"न्हाईतर काय?" गिताबाई उठून उभ्या राहिल्या. आजवर कुणाला उलट बोलल्या नव्हत्या त्या. "माझ्या ह्या हातानं मी लेकीचं तोंड जाळलं. तुमच्या एका शब्दापायी! अजून बी पसंत नसंल, तर बस्ता ऱ्हाऊ द्या हितंच. चल गं गौते."

त्यांनी चपलाही पायात सरकवल्या. तेव्हा विक्रम पुढे आला. "आई, आमच्या कंपनीत हातमोजे घातल्याबिगर मशीनला हात लावू देत न्हाईत. गौतमी बी कातडीच राखाया बघतीय. तिचं काय चुकलं?"

साखरबाईने शालू खाली ठेवला. मग तिचा हात स्वतःच्या गालावर गेला.

"माझ्या लग्नात बायका माझ्या तोंडाला लिंबू चोळायच्या," ती हळू म्हणाली. "आग आग व्हायची. तवा माझी आई अशी उठली न्हाई." तिने गिताबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "चुकलं माझं. बसा. गुरुजींना गोरज मुहूर्ताचं विचारते मी."

लग्न संध्याकाळी लागलं. गौतमीचे गाल अजून पुरते निवले नव्हते, आणि ते लपवायला तिने काहीही लावलं नव्हतं. अक्षता पडल्यावर पाहुण्यांतली एक बाई साखरबाईच्या कानाशी लागली, "नवरी सावळीच हाय की गं."

"सावळीच हाय," साखरबाई मांडवभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "मग?"

मंडळी, हे 'मग?' तुम्हीही विचारायला शिका! उन्हाळ्यात कातडीला सावली द्या, अंगभर सुती कपडा द्या, पोटाला भरपूर पाणी द्या, आणि दुखलंच तर डॉक्टरला दाखवा. मुलीचा रंग बदलायचा अधिकार मात्र सासूला नाही, भावकीला नाही, आणि जन्म देणाऱ्या आईलाही नाही.