भाऊसोची मुळी

"आता मी जे सांगतोय त्यावर तुमी कुणी इस्वास ठेवणार न्हाई," भाऊसोनं बशीतल्या चहावर फुंकर घातली, "आणि ठेवू बी नगा. मी सोत्ता ठेवला नसता."

गुंडाच्या हॉटेलातली बाकडी आपोआप पुढं सरकली. भाऊसोनं अशी सुरुवात केली की म्हसवडकडं जाणारी एसटी चुकली तरी चालायची, पण गोष्ट चुकवायची नाही, असा गावचा शिरस्ता होता.

"म्हादेवाच्या डोंगराच्या अंगाला एक मेंढी बघितली. काळी, डोक्यावर पांढरा ठिपका. तिला शुगर."

"मेंढीला शुगर?" गुंडानं किटली खाली ठेवली.

"का रं? माणसालाच व्हावी असं कुठं लिवलंय? ती जिथं मुतंल तिथं मुंग्यांची जत्रा. फुडं मेंढी, मागं मुंग्या, अशी वरात डोंगरभर. मेंढी जीवाला कटाळली. तिनं काय केलं, एका कपारीतनं एक मुळी उकरून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मेंढी मुतली, मुंग्या आल्या, पयल्या मुंगीनं चव घेतली आणि मान हलवली. सगळी रांग जागच्या जागी माघारी फिरली. शेवटची मुंगी मेंढीकडं अशी बघत गेली, की भरल्या ताटावरनं उठवल्यावर सोयरा बघतो तशी."

हॉटेल हसून हसून आडवं झालं.

"मग तीच मुळी मी खाल्ली," भाऊसो म्हणाला. "म्हणून आता साताऱ्याला औषधाला जात न्हाई. सुई बंद. कळलं का गुंड्या?"

तेवढ्यासाठीच ही सगळी वरात निघाली होती. घटकाभरापूर्वी गुंडानं सहज विचारलं होतं, "भाऊसो, हल्ली साताऱ्याला जाताना दिसत न्हाईस?" आणि त्या साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं भाऊसोला जमलं नव्हतं.

साधं उत्तर असं होतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भाऊसोनं उभी हयात लेथ मशीनवर काढली. त्याच्या हातचा शाफ्ट इतका गुळगुळीत, की त्यावर बसलेली माशी घसरली आणि तिचा पाय मोडला, असं तो स्वतःच सांगायचा. शाफ्टचं खरं होतं, माशीचं तुम्ही ठरवा. साखरेच्या आजारानं त्याला तिथंच गाठलं, पण घोर नव्हता. कारखान्याच्या विम्याचं कार्ड होतं. कार्ड खिडकीतून आत सरकवायचं, इन्शुलिनची बाटली बाहेर यायची. मग एका सकाळी पहिल्या पाळीचे लोक आले तर फाटकाला कुलूप. कारखाना गेला, पाठोपाठ कार्ड गेलं. आजाराला मात्र कुणी कामावरून कमी केलं नाही.

भाऊसो बायकोला, धोंडुबाईला घेऊन गावी आला. बाटली आता साताऱ्याच्या दुकानातून विकत आणावी लागायची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रांगेला उभं राहायचं, तर तिथं गावातलं कुणीतरी भेटणार आणि विचारणार, काय भाऊसो, तू पण फुकटच्या रांगेत? मग त्यानं लेथवाल्याची अक्कल चालवली. सुई निम्मीच भरायची. एका बाटलीत दोन बाटल्यांचं काम. त्याला वाटलं, मशीनला तेल थोडं कमी घातलं तर मशीन लगेच थोडंच बंद पडतं? कुरकुरतं फक्त. तशी त्याची पावलं कुरकुरत होती, तहानेनं घसा चिकटत होता, आणि पायाच्या अंगठ्यावरची जखम आषाढापासून भरायचं नाव घेत नव्हती. धोंडुबाईनं विचारलं, की तो तिला माशीची गोष्ट सांगायचा.

आजवर त्याच्या कुठल्याही गोष्टीवर गावातल्या चिटपाखरानं विश्वास ठेवलेला नव्हता. त्याच भरवशावर तो बोलायचा.

त्या दिवशी हॉटेलच्या दाराशी साळूबाई उकिडवी बसली होती. मेंढरं हापशावर पाणी पीत होती, तोवर तिचा चहा. सगळे हसले. ती हसली नाही.

*

दिवाळी झाली, तशी मेंढरांचे कळप दर सालाप्रमाणं मोकळ्या रानाच्या शोधात उसाच्या मुलखात उतरले. साळूबाईचाही उतरला. एक दिवस दुपारी तिचा मुलगा सिद्धू मोटारसायकल घेऊन भाऊसोच्या दारात. अंगावर धूळ, तोंडावर घाबरगुंडी.

"मामा, मुळी कुठाय?"

"कसली रं मुळी?"

"तुमी खाल्लेली. आयला पायजे."

सिद्धू भाऊसोच्याच कारखान्यात होता, पॅकिंगला. त्याच्या कार्डावर आईचं नाव होतं. साळूबाईलाही सुई होती. तिचंही कार्ड त्याच सकाळी त्याच कुलपामागं अडकलं होतं.

"नीट सांग गड्या. आक्काचं काय झालं?"

"सुई सोडली तिनं. म्हणती, भाऊसोची साखर गेली, मग मी का पोराच्या जिवाला घोर लावू? मेंढरामागं हिंडून सोत्ताच कसली तरी मुळी उकरली, तीच चावती. कालपासनं ओकाऱ्या हायत्या. आता पडूनच हाय. सारखं पाणी मागती. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणती, माझी मुळी चुकली आसंल, भाऊसोला आण, तो बराबर मुळी दील."

"आणि श्वास? श्वास कसा हाय?"

"लय मोठा चाललाय. धाप लागल्यावाणी. आणि तोंडाला वास येतोय मामा, पिकल्या केळ्यावाणी."

तो वास त्याला ठाऊक होता. साताऱ्याच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या तोंडाला असाच वास होता. सकाळी ती खाट रिकामी होती.

"तिची बाटली कुठाय?"

"वतून टाकली. मुळीला सुईचा वास चालत न्हाई म्हणली."

भाऊसो आत गेला. माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात त्याची बाटली होती. उजेडाला धरली. तळाशी दुधाळ औषध जेमतेम हललं. बाटली फडक्यात गुंडाळून त्यानं छातीशी बंडीच्या खिशात घातली.

"कुठं निघालासा?" धोंडुबाईनं चुलीपासून विचारलं.

"आलोच. एका मेंढीला बघून येतो."

वाटेत त्यानं सिद्धूला गाडी थांबवायला लावून रुग्णवाहिकेला फोन करवला. "रस्त्यावर या म्हणाव, विट्याच्या फुडं, उसाच्या रानाशी. आणि विचार, येत हायसा ना?" पलीकडून होकार आला. मग विटा येईपर्यंत भाऊसो खिशातली बाटली तळव्यानं छातीशी दाबून बसला.

*

ऊस तुटून गेलेल्या रानात तळ होता. मेंढरं जाळ्याच्या आत उसाच्या शेंड्यांची, वाढ्यांची पानं कुरतडत होती. पालाच्या सावलीत घोंगड्यावर साळूबाई पडलेली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डोळे खोल गेले होते, पण भाऊसोला बघून त्यांत उजेड आला.

"आलास? आण मुळी."

भाऊसो तिच्या शेजारी बसला. "आक्के, मुळी न्हाई. नव्हतीच कवा. ती मेंढी नव्हती, मुंग्या नव्हत्या, काय बी नव्हतं. मी थाप मारली हुती."

साळूबाई हसली. लहान पोराची लबाडी धरल्यावर हसावं तशी.

"बराबर हाय. तू असंच म्हणणार. मुळीचं नाव फोडलं की गुण जातोय, हे मला बी ठावं हाय की. माझा आजा जनावराचं औषध द्यायचा, मरंपतूर आजीला सुद्धा पाला दावला न्हाई."

"आवं आक्के, तसं न्हाई. खोटं हाय ते! सगळ्या गावाला ठावं हाय मी खोटारडा हाय."

"ठावं हाय. तुज्या एका बी गोष्टीवर मी आजवर इस्वास ठेवला न्हाई." तिला धाप लागली. ती थांबली. "ही तेवढी खरी वाटली. ही सांगताना तू सोत्ता हसत नव्हतास."

हॉटेलात इतकी माणसं होती, आणि बघणारी एवढी एकटीच होती.

"सिद्धू, भंडारा आण रं," तो म्हणाला. "बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो, मुळी न्हाई."

धनगराच्या तळावर भंडारा उचलला की वाद मिटतो. त्यापुढं बोलणं नाही. सिद्धू पालात वळला. पण साळूबाईनं हात वर केला.

"आणू नगंस. त्याच्या हातनं मी खोटा भंडारा उचलू देणार न्हाई. माझ्या एका मुळीपायी त्याच्या घरादाराला पाप कशाला?"

"आय, खरं बोलतायत ते!" सिद्धू रडकुंडीला आला. "रस्त्यावर गाडी येतीय, चल की."

"मुळीबिगर मी हलणार न्हाई. दवाखान्यात नेऊन परत सुईला बांधशील मला. मग जल्मभर त्या सुईसाठनं तू रानोमाळ हिंड. नगं."

लांब रस्त्यावर कुठं गाडीचा आवाज येतोय का, म्हणून भाऊसोनं कान दिला. नुसता वारा. साळूबाईचे डोळे मिटायला लागले होते. खरं सांगून तिला मारायचं, की खोटं सांगून उठवायचं, एवढंच उरलं होतं. आणि खऱ्याची त्याला सवय नव्हती.

तो तिच्या कानाशी वाकला. आवाज खाली आणला.

"जिकलीस आक्के. सिद्धूफुडं बोलायचं नव्हतं, पर आता इलाज न्हाई." त्यानं बंडीच्या खिशातून फडकं काढून सोडलं. "ह्यात हाय मुळी. कुटून, उकळून, गाळून. कुणाला कळू नये म्हणून मुद्दाम औषधाच्या बाटलीत भरलीय. बघ, दूध सुटलंय मुळीचं."

"सुईच्या औषधाचा रंग बी असाच हुता."

"म्हणून तर कुणाला वहिम येत न्हाई. सांग, धोंडीला तरी अजून कळलंय का?"

साळूबाईनं बाटलीकडं बघितलं. मग त्याच्याकडं. "पोटात घ्यायची?"

"पोटात घेतली तर इरती. सुईतनं घ्यायची. मेंढी चावून खाती, तिची आतडी येगळी. आणि घेतल्यावर अंगाला झटका बसतो, तवा दवाखान्याच्या खाटंवर पडून ऱ्हायाचं. मी बी पडलो हुतो. तिथं ते बाटल्या लावतील, लावू द्यायच्या. आत मुळी काम करती, वरनं त्यांना वाटतं आमीच बरं केलं."

मेंढीपेक्षा ही थाप मोठी होती, आणि घाईत घडवलेली होती. भाऊसोला ती कुठं सांधली आहे तेही दिसत होतं. पण साळूबाईची मान हलली.

"आजा म्हणायचा, औषध देणाऱ्यानं आधी आपुन घ्यावं, मग दुसऱ्याला द्यावं," ती म्हणाली. "तू घे. मग मी घेते."

भाऊसोनं बाटली पुन्हा उजेडाला धरली. गरज नव्हती. तळाला किती आहे ते त्याला माठापाशीच कळलं होतं.

"सिद्धू, आक्काला किती लागायचं?"

सिद्धूनं सांगितलं. भाऊसोनं साळूबाईची नवी सुई फोडली, बाटली उलटी धरली आणि दट्ट्या मागं ओढला. कैक महिन्यांनी त्याचा अंगठा निम्म्या खुणेवर थांबला नाही, पुढं गेला. सुई भरली. बाटलीच्या काचेला ओलसर पापुद्रा राहिला. भरलेली सुई त्यानं सिद्धूच्या हातात दिली.

मग स्वतःची सुई काढली. साळूबाईकडं थोडी पाठ केली, उन्हाचं निमित्त करून. तिचं टोक बाटलीत घातलं, दट्ट्या ओढला, बाहेर काढली, बोटानं दोनदा टिचकी मारली. सगळं रोजच्यासारखं. बंडी वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचली. दट्ट्या पार खाली नेला. दुखलं. खोटं असलं तरी टोक खरंच होतं.

"झालं," तो वळून म्हणाला. "आता तुजी पाळी."

साळूबाईची नजर त्याच्या हातातल्या सुईवरनं त्याच्या तोंडावर गेली. मेंढरं पानं कुरतडत होती. लुगड्याचा पदर बाजूला करून तिनं दंड पुढं केला.

"टोच," ती मुलाला म्हणाली.

सिद्धूनं टोचली. औषध गेलं. रस्त्याच्या बाजूनं भोंगा ऐकू आला, आधी बारीक, मग मोठा. सिद्धू हात हलवत बांधाकडं पळाला.

भाऊसोला घाम फुटला होता. तो पुसता पुसता त्याच्या तोंडाला पुन्हा चाळा लागला.

"बघितलंस आक्के? नुसती आत गेली न्हाई तर मला हुशारी वाटाय लागली. पायात तर अशी गरमी आलीय, की आत्ता धावत म्हसवडपतूर जाऊन नाथाचं दर्शन घिऊन माघारी यीन, तू गाडीत चढायच्या आत. मुळीचं दूध हाय, चेष्टा न्हाई. आज पुरी सुई घेतली ना मी, आता आठ दिवस बघायला नगं."

दोन माणसं स्ट्रेचर घेऊन रानातून येत होती. त्यांनी साळूबाईला उचललं. तिनं भाऊसोचं मनगट धरलं. हातात ताकद नव्हती, तरी सोडलं नाही.

"भाऊसो," ती म्हणाली, "साऱ्या हयातीत हजार मेंढरं टोचली आसतील मी. तुजी सुई रिकामी हुती. तू बी गाडीत बस."