लोहपालाचा नारिंगी हात

नव्या लोहपालाला नापास करून भिंगकाकांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. खर्चाची बाजू उघड होती: खेळणी काढणाऱ्या कंपनीशी वाकडं, म्हणजे बाजारात येण्याआधी घरी येणारे खोके बंद. जमेला एकच रक्कम होती, 'मी म्हटलं नव्हतं?' हे चारचौघांत म्हणायची संधी. पण ज्याचं घरात कोणी ऐकत नाही त्याला ही रक्कम डोंगराएवढी वाटते.

"अहो, हलवू नका त्याला. सगळं धूसर दिसतंय," बायको म्हणाली. तिने एका हातात फोन धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती जांभई झाकत होती.

"अगं, सांधे दाखवायचे तर हलवायला नको?"

"मग सांगून हलवा. मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

भिंगकाका हे त्यांचं व्हिडिओतलं नाव. दिवसभर ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत आणि संध्याकाळी मागच्या खोलीत, टेबलावर पांढरा कागद पसरून, भिंगाखाली खेळण्यांची परीक्षा घेत. खेळणी साधीसुधी नव्हेत. त्यांच्या लहानपणी टीव्हीवर 'अंतराळाचे पहारेकरी' नावाचं कार्टून लागायचं. त्यातल्या लोहपालासारख्या वीरांचे वीतभर उंचीचे पुतळे तेव्हा मुलांना खेळायला निघाले होते. आता तेच पुतळे नव्याने निघत होते, त्याच मुलांसाठी, फक्त मुलं पन्नाशीला टेकली होती. नव्या पुतळ्यांच्या बोटांनाही सांधे होते, रागाचा चेहरा काढून हसरा बसवता येई, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत इशारा असे: 'हे खेळणं नाही.'

"गुडघा छान वाकतो," काका कॅमेऱ्याला सांगत होते. "घोटा धरून ठेवतो. रंग कडेबाहेर गेलेला नाही. आता उजवा हात बघू." इथे त्यांनी खणातून एक कापडी पुडी काढली आणि हळूच उलगडली. "हा माझा लोहपाल. बाबांनी आणलेला. उजवा हात खांद्यापासून नारिंगी. सूर्याजवळ गेला तेव्हा तापून लाल झाला आणि मग तसाच राहिला, ती गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. आणि कंपनीनं काय केलंय? दोन्ही हात निळे! मंडळी, ज्यांना लोहपालाचा हात माहीत नाही, त्यांनी लोहपालाला हात लावू नये. नापास!"

बायकोला वाटलं संपलं. पण काकांचा ठेवणीतला किस्सा राहिला होता.

"आणि खेळणं टिकवायला शिस्त लागते. बाबांनी त्याच दिवशी आमच्या ताईला वादळी आणली होती. पहारेकऱ्यांतली सगळ्यात चपळ. ताईनं चार दिवसांत तिचा हात मोडला! ताईच्या हाती काही टिकत नाही, असं बाबा म्हणायचे ते उगाच नाही."

हा किस्सा दर दुसऱ्या व्हिडिओत यायचा. प्रेक्षक त्याची वाट पाहत. फुकट मिळणाऱ्या हशाला माणूस सहसा हात आखडता घेत नाही.

व्हिडिओ लोकांपर्यंत पोचला आणि काकांचा फोन टुणटुणायला लागला. कोणी न उघडलेल्या जुन्या खोक्याचा फोटो पाठवला. कोणी कार्टूनमधलं चित्र. प्रत्येक लोहपालाचे दोन्ही हात निळेशार. 'काका, भिंग पुसा,' एकाने लिहिलं. 'याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण,' दुसऱ्याने.

काकांनी आपला लोहपाल पुन्हा दिव्याखाली धरला.

"अगं, हा कुठला रंग?"

"नारिंगी."

"नक्की?"

"अहो, चष्म्याचं दुकान तुमचं. मला कशाला विचारता?"

"तसं नाही. मला जो दिसतोय तोच तुला दिसतोय ना?"

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मग त्यांनी कार्टूनचे जुने भाग मिळतील तेवढे शोधून पाहिले. लोहपाल सूर्याजवळ गेल्याची गोष्ट कुठेच नव्हती. लोहपाल समुद्रात जात होता, गुहेत जात होता, एका भागात तर तो उगाचच बर्फ फोडत बसला होता. सूर्याकडे म्हणून त्याने ढुंकून पाहिलं नाही. काकांना मात्र ती गोष्ट काल ऐकल्यासारखी आठवत होती. दुकानात त्यांनी एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. शिक्षक चष्मा लावून म्हणाले, "भिंत जवळ आलीय का हो?" काकांना खात्रीने नाही म्हणता येईना.

अशा वेळी प्रदर्शनवाल्याचा फोन आला. हा गृहस्थ जुन्या खेळण्यांची प्रदर्शनं भरवायचा.

"काका, लोक हसतायत त्यांना हसू द्या. तुमच्या हातात काय आहे कळतंय का? कारखान्यातली चूक! एखादाच नग असा निघून गेला असणार. काचेच्या पेटीत, अगदी मधोमध ठेवतो त्याला. कंपनीशीही बोललोय. नारिंगी हाताचा खास लोहपाल काढायला तयार आहेत. खोक्यावर तुमचं नाव!"

"माझं नाव?"

"मोठ्या अक्षरात. एवढंच करा, हा दुकानातून असाच आला, मध्ये कोणी उघडला नाही, असं घरातल्या कुणातरी मोठ्या माणसाच्या तोंडून कॅमेऱ्यावर वदवून घ्या. तुमचं तुम्ही म्हणून चालायचं नाही."

आईबाबा जाऊन वर्षं झाली होती. मोठं माणूस उरलं होतं ते एकच. ज्या ताईच्या हाती काही टिकत नव्हतं, तिच्याच शब्दावर आता लोहपालाची पेटी टिकायची होती.

ताईचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पँटी आखूड करायच्या, बाह्या सैल करायच्या, चेन बदलायच्या. काका आले तेव्हा ती एका काळ्या पँटच्या पायाला टाचण्या लावत होती.

"ये, बारक्या. बस. स्टुलावरचे कपडे खाली नको ठेवूस, मांडीवर घे."

काकांनी मांडीवर कुणाचे तरी तीन सदरे घेऊन, पुडीतला लोहपाल दाखवत, सगळी हकीकत सांगितली. ताईने टाचण्या ओठांत धरून ऐकली.

"एवढंच ना? म्हणते की. कुठे बघून म्हणू?"

"इथे, फोनकडे. पण ताई, तुला आठवतंय ना नीट?"

"तू चालू तर कर."

काकांनी फोन धरला. ताईने केस सारखे केले आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "हा लोहपाल आमच्या बाबांनी आणला. हा असाच आला. याला कोणी उघडलं नाही."

काम फत्ते झालं होतं. काकांनी फोन खिशात टाकला असता तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण परीक्षकाची खोड जाते कुठे? चित्र स्पष्ट आलंय का ते त्यांनी बोटांनी मोठं करून पाहिलं. ताई स्पष्ट होती. तिच्यामागची दोऱ्यांची फळीही. त्या फळीवर काळ्या दोऱ्याचं रीळ एका आडव्या खिळ्यावर लावलेलं होतं, आणि तो खिळा भिंतीत नव्हता. तो कुणाच्या तरी खांद्यात होता.

"ताई, ते रीळ कशावर लावलंयस?"

"खिळ्यावर."

"खिळा कशावर आहे?"

ताईने पँट उलटी करून दुसऱ्या पायाला टाचणी लावली.

काकांनी उठून फळीवरून ते काढलं. रीळ उतरवून खिशात सारलं आणि अंगठ्याने धूळ पुसली. वादळी. या दुकानात ते महिन्यातून दोनदा येत, चहा पीत, खेळण्यांवर व्याख्यान देत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिचा पोशाख उन्हाने विटून फिका पडला होता, पण काखेत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे तो नारिंगी होता. लोहपालाच्या उजव्या हाताइतका नारिंगी. तिच्या डाव्या मनगटावर दोन बारीक रेघांचं कडं होतं. लोहपालाच्याही उजव्या मनगटावर दोन बारीक रेघा होत्या. त्या रेघांना काका आजवर मनातल्या मनात 'कारागिरी' म्हणत आले होते.

"तू तर चार दिवसांत मोडलीस ना ही?"

"मी कधी म्हटलं? बाबा म्हणाले. मग तू म्हणायला लागलास."

"मग माझ्या लोहपालाचा हात..."

"गच्चीवरून उडवलास. 'उड' म्हणालास नि दिलास सोडून. तो खाली आपटला आणि हात गेला गटारात. बाबांनी बजावलं होतं ना, जो मोडेल त्याला पुन्हा खेळणं नाही. तू रडून रडून झोपलास. मग मी आईच्या मशीनचा पेचकस घेतला आणि दोघांच्या पाठी उघडल्या. खांदे सारखेच निघाले."

खांदे सारखेच असणार. जुन्या कारखान्याने काटकसर म्हणून सगळ्या पहारेकऱ्यांना एकाच साच्यातले खांदे दिले होते. या चिकटपणाची टिंगल करणारा भिंगकाकांचा एक अख्खा व्हिडिओ होता.

"आणि सूर्याजवळ गेला, हात तापला, ते?"

"सकाळी तू विचारलंस, हात असा का. काहीतरी सांगायला नको?" ताईला थोडं हसू आलं. "बरं जमलं होतं, नाही का? अजून सांगतोस लोकांना."

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. ते म्हणाले, तुझ्या हाती काही टिकत नाही, आणि जेवायला बसले. मग राहूनच गेलं. पुढे तुला एकेक पहारेकरी यायला लागला, मला रुमाल. रुमालांवर टाके घालत बसायची. बघ, त्यातूनच धंदा निघाला."

"माझे व्हिडिओ तू..."

"बघते ना, सगळे. इथे लावून ठेवते. तुझं ते वाक्य आलं की गिऱ्हाइकं हसतात."

काकांच्या वरच्या खिशात चष्म्याचा बारीक पेचकस कायम असे. तो काढून त्यांनी तिथेच, सदऱ्यांच्या ढिगावर, लोहपालाची पाठ उघडायला घेतली. नारिंगी हात त्यांच्या तळव्यात सुटून आला.

"काय करतोयस?"

"तुझा हात तुला देतोय."

"अरे, थांब! तिथे रीळ बसतं. हात लावलास तर काळा दोरा कुठे अडकवू मी?"

काका तसेच उभे राहिले. एका मुठीत हात, दुसऱ्या मुठीत हात नसलेली दोन माणसं. हात कोणाचा, हे आता त्यांना पक्कं कळलं होतं. तो कोणाला लावायचा, ते मात्र कळेना. तेवढ्यात काळ्या पँटचा मालक दारात आला. त्याने काकांना पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा, भिंगकाका! म्हणजे ती हात मोडणारी ताई हीच की काय?"

"हीच," ताई म्हणाली. "अर्ध्या तासानं या. शिलाई राहिलीय."

तो हसत हसत गेला. काकांनी लोहपालाला त्याचा, म्हणजे वादळीचा, हात पुन्हा बसवला. स्क्रू पिळायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला. ताई पँट घेऊन मशीनकडे वळली आणि वळता वळता म्हणाली, "मी म्हटलं ते चालेल ना? का परत म्हणू? पहिल्यांदा जरा घाईत झालं."

संध्याकाळी मागच्या खोलीत पुन्हा पांढरा कागद पसरला गेला. बायकोने फोन धरला.

"नवा लोहपाल पास," काका म्हणाले. "दोन्ही हात निळेच हवेत. माझा जुना, ती कारखान्याची चूक नाही. याचा उजवा हात वादळीचा आहे. माझ्या ताईनं बसवला, लहान असताना. मी आजवर पुष्कळ खांदे हलवून बघितले. हा अजून सैल झालेला नाही." ते थांबले. बायको पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली.

"झालं? आणि किस्सा?"

"बंद कर."

"अहो, लोक विचारतील."

लोकांनी विचारलंच. 'काका, आज ताईचा किस्सा कुठाय?' त्यानंतर ताईचा फोन आला.

"पाहिला व्हिडिओ. उजेड कमी होता रे. आणि ऐक, ते काळं रीळ तुझ्याकडे आलंय का बघ. सगळं दुकान पालथं घातलं मी."

काकांनी खिशात हात घातला. रीळ होतं. त्याचा दोरा पेचकसाला गुंडाळला गेला होता.

तर हिशेब असा मिटला. कंपनीचा लोहपाल पास झाला आणि खपला. प्रदर्शनवाल्याच्या काचेच्या पेटीत दुसऱ्याच कुणाचा न उघडलेला खोका बसला, त्याचं काही अडलं नाही. भिंगकाकांचं मोठ्या अक्षरातलं नाव गेलं, पण ते अजून छापलंच नव्हतं, तेव्हा ते तोट्यात धरता येत नाही. हात वादळीने दिला होता, त्याची बोलणी ताईने खाल्ली होती. आणि त्या दिवशी अर्ध्या तासाने गिऱ्हाईक परत आलं तेव्हा काळा दोरा नव्हता. ताईने पँट निळ्या दोऱ्याने शिवली. गिऱ्हाइकाने शिवण उलटून पाहिली, 'भिंगकाका तुमच्याबद्दल खोटं नाही बोलत' म्हटलं, आणि तेही तिने ऐकून घेतलं.