कानाला लावायचा पेचकस

मी एक जुना पेचकस आहे, पण स्क्रू फिरवून मला कैक वर्षं झाली. माझं टोक बोथट आहे, दांडा चांगला हातभर लांब आहे आणि मूठ लाकडाची आहे. ही मूठ एका बाजूनं अगदी गुळगुळीत झाली आहे. मित्रांनो, तिथे एका माणसाचा कान टेकत आला आहे. माझी गोष्ट म्हणजे त्या कानाचीच गोष्ट.

तो कान आमच्या मिस्त्रींचा. आमच्या वर्कशॉपमध्ये एकाच जर्मन कंपनीच्या गाड्या येतात. लांबलचक, चकचकीत, दार लावलं तरी हळूच 'धप्' म्हणणाऱ्या. मिस्त्री माझं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटातली कुरकुर माझ्या दांड्यातून थेट त्यांच्या कानात जायची. मग ते म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरला बघा," आणि दुखणं तिथेच निघायचं. आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक गाडीच्या कार्डावर शेवटचा रकाना मिस्त्रींचा. त्यात ते एकच शब्द लिहायचे, 'ऐकलं', आणि खाली सही. त्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. माझी ऐट विचारू नका! पान्हे आणि पकडी माझ्याकडे बघून जळायच्या.

त्या दिवसांतली मोठी गाडी मला अजून आवडते. बॉनेट उघडलं की सगळं समोर. सहा सिलिंडर एका ओळीत, पट्टे, नळ्या, ऑइल मोजायची कांडी. चालू झाली की तिचा आवाज छातीत घुमायचा.

पण कंपनी काही स्वस्थ बसणारी नव्हती. दोन वर्षांनी त्याच नावाची नवी गाडी आली. बॉनेट उघडून बघतो तर काय, इंजिनवर काळं प्लॅस्टिकचं झाकण. मिस्त्री म्हणाले, "घ्या! आता पेशंटला तपासायला आधी त्याचं पांघरूण काढा." त्याच्या पुढची आली तर ऑइलची कांडीच गायब. मिस्त्री घरात चष्मा शोधावा तसे पाऊण तास ती शोधत होते. शेवटी कळलं की ऑइल आता पडद्यावर दिसतं.

ते ऑइल पडद्यावर दाखवणारी म्हणजे आमची वायरबाई. लॅपटॉपच्या वायरी गळ्यात अडकवून ती या गाडीकडून त्या गाडीकडे धावत असायची, म्हणून मिस्त्रींनी तिला हे नाव ठेवलं. पोरगी हुशार, पण मिस्त्रींच्या सहीपुढे मान खाली घालायची.

मग आली सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी. पहिल्याच दिवशी मिस्त्री मला इंजिनवर टेकवून उभे होते आणि एकाएकी सगळं चिडीचूप झालं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला झटकलं, कानात बोट घालून हलवलं. वायरबाई आतून म्हणाली, "काका, तिनं स्वतःच बंद केलं इंजिन. पेट्रोल वाचवते ती." मिस्त्री हसले खरे, पण माझ्या मुठीला त्यांच्या तळव्याचा घाम लागला होता. तो दिवस मी विसरलेलो नाही, कारण त्या घामाचं कारण मला नंतर कळलं.

दरवर्षी गाड्या शांत होत होत्या आणि दरवर्षी मिस्त्रींना कमी ऐकू येत होतं. तीस वर्षं हातोड्यांच्या आणि नट सोडवणाऱ्या हवेच्या बंदुकांच्या गोंगाटात काढलेले कान ते. पण गाड्याच शांत झाल्या म्हटल्यावर कानांवर कोण संशय घेणार? मिस्त्री स्वतःलाही तेच सांगायचे. "हल्लीच्या गाड्या बोलतच नाहीत रे," असं ते मला पुसताना म्हणायचे. मला मात्र कळत होतं. मी वर पोहोचवायचो तो बारीक आवाज त्यांच्या कानाच्या दारातूनच परत फिरत होता.

त्या मोठ्या गाडीनंतर सातव्या वर्षी आलेल्या गाडीनं तर कहरच केला. इंजिन छोटं, आवाज अगदी मवाळ. म्हणून कंपनीनं आत स्पीकर बसवले आणि इंजिनाचा भारदस्त घरघराट त्यातून वाजवायला सुरुवात केली. बसणाऱ्याला वाटावं, काय दमदार गाडी आहे! मी इंजिनवर टेकलेला, मला खरं काय ते ठाऊक. मला हसूच आलं होतं. पण त्याच आवाजानं आमचा घात केला.

एका वकीलबाईंची तसली गाडी सर्व्हिसिंगला आली. त्यांनी सांगितलं होतं, सकाळी सकाळी काहीतरी बारीक कुईकुई करतं. मिस्त्रींनी मला पट्ट्याच्या पुलीजवळ टेकवलं. मित्रांनो, ती पुली आतून अक्षरशः रडत होती. मी जिवाच्या आकांतानं तो आवाज वर पाठवला. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मग ते गाडी घेऊन एक फेरी मारून आले. आत स्पीकरचा घरघराट असा काही भरदार की त्यांचा चेहरा खुलला. लॅपटॉपवरही दोष दिसत नव्हता.

वायरबाईनं दबकत विचारलं, "काका, ती कुईकुई ऐकू आली?"

"अगं, मी ऐकलं म्हणजे ऐकलं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी रकान्यात तो शब्द लिहिला. मला तोंड असतं तर मी त्या वेळी बोंब ठोकली असती.

चौथ्या दिवशी गाडी दुसऱ्या गाडीवर लादून परत आली. पुली अडकली होती, पट्टा तुटला होता आणि इंजिन तापून चढावर बंद पडलं होतं, तेही ऐन वळणावर. मागच्या सीटवर वकीलबाईंची आई होती, चालता न येणारी. मागून आलेला ट्रक वीतभर अंतरावर थांबला म्हणून निभावलं.

फोरमननं सगळ्यांना गोळा केलं. माणूस तोंडाचा फटकळ, पण मिस्त्रींना मानणारा. त्यानं त्यांना वाटच काढून दिली. "लॅपटॉपवर काही नव्हतं, काकांनी तर ऐकलंच होतं. मग आपण काय करणार?"

तेवढ्यात वायरबाई पुढे झाली. "मला आवाज आला होता. बारीक, पण आला होता. काकांनी लिहिलं म्हटल्यावर मी गप्प बसले."

"आवाज आला आणि गप्प बसलीस?" फोरमन कडाडला. "एवढ्या जिवावरच्या गोष्टीत? उद्यापासून येऊ नकोस तू!"

मी मिस्त्रींच्या हातात होतो. ते गप्प राहिले असते तर त्यांचं नाव आणि नोकरी दोन्ही वाचली असती. त्यांनी माझी मूठ एवढी घट्ट आवळली की मला वाटलं, आता तडकणार.

"तिला काही बोलू नका," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. मी न ऐकताच लिहिलं."

फोरमननं विचारलं, "कधीपासून?"

"तीन-चार वर्षं झाली असतील."

"घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"बायको म्हणते, तुम्ही माझं ऐकत नाही. मी म्हटलं, ते तर लग्नापासूनच आहे." मिस्त्री हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले.

वायरबाईची नोकरी राहिली. मिस्त्रींचा रकाना मात्र गेला. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, कानात यंत्र आलं आणि काम मिळालं सुटे भाग धुऊन लावायचं. मी गेलो तळाच्या खणात, गंजलेल्या पट्ट्यांच्या ढिगाखाली. तिथे मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही. वर्कशॉपमध्ये मिस्त्री रोज माझ्या डोक्यावरून ये-जा करायचे आणि एकदाही खण उघडायचे नाहीत. त्यांना लाज वाटत होती.

खण उघडला तो वायरबाईनं. मला फडक्यानं पुसून ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, शिकवा."

"मी? बहिऱ्याकडून ऐकायला शिकणार तू?"

"मला ऐकू येतं. काय ऐकायचं ते कुठे कळतं?"

मग शिकवणी सुरू झाली. मूठ तिच्या कानाला आणि दांड्यावर मिस्त्रींची दोन बोटं. ती आवाज सांगायची, त्यांना बोटांना थरथर लागायची आणि दोघं मिळून दोष पकडायचे. कधी वाद घालायचे, कधी दोघंही चुकायचे. माझ्या मुठीवर आता दुसऱ्या बाजूलाही एक गुळगुळीत जागा होऊ लागली आहे.

परवा दहाव्या वर्षीची गाडी आली. विजेवर चालणारी. ना पट्टा, ना सिलिंडर, ना धूर. चालवत आल्या होत्या वकीलबाई, शेजारी त्यांची आई. वकीलबाई उतरून मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"आज कोण ऐकणार?" त्यांनी विचारलं.

"ही," मिस्त्रींनी वायरबाईकडे बोट दाखवलं. "मी नुसता हात लावणार."

आईंना खुर्चीवर बसवून गाडी चाकं अधांतरी ठेवून उचलली, मोटर फिरू लागली. मी टेकलो. खोलवर एक सूक्ष्म गुणगुण होती, निरोगी, एकसारखी. वायरबाईनं मान डोलावली. "काका, छान चाललंय. तुम्हाला?"

मिस्त्रींनी बोटं दांड्यावर ठेवली, यंत्र लावलेला कान पुढे केला आणि पुष्कळ वेळ थांबले. मग त्यांनी कार्ड मागितलं. कितीतरी दिवसांनी ते त्या रकान्यात लिहीत होते. वकीलबाईंनी वाकून वाचलं. आणि त्यांनी आईला गाडीत बसवलं, सीटचा पट्टा लावला आणि गाडी निर्धास्तपणे बाहेर काढली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी हल्ली 'काय? काय?' करत असेल. त्यांना हसू नका, त्यांच्याजवळ जाऊन बोला. आणि तुम्हाला कधी एखादी गोष्ट कळली नाही, तर तसं सांगायला लाजू नका. त्या कार्डावर मिस्त्रींनी काय लिहिलं होतं, ते मी त्यांच्या हातातूनच वाचलं: 'मला ऐकू आलं नाही. हिनं ऐकलं.' खाली दोन सह्या होत्या.