शेवटच्या माणसाची ओ

पट्ट्याची सरकती कडी अजून मेहुण्याच्याच डोक्याच्या मापावर होती — डोक्याला बांधायच्या दिव्याचा तो पट्टा, घामाने मधोमध पांढुरका पडलेला, आणि कडीजवळ जी एक वळी कायमची बसली होती ती अंगठ्याने सपाट करायचा प्रयत्न वाटाड्या मघापासून करत होता, पण दाबली की ती दबायची आणि अंगठा उचलला की पुन्हा वर यायची. चार महिने दिवा खोपटातल्या खिळ्याला लटकत होता. मेहुण्याला धबधब्याखालच्या कुंडातून वर काढलं तेव्हा तो त्याच्या डोक्यावर नव्हता; गुहेच्या धबधब्याकडच्या तोंडाशी एका सपाट दगडावर ठेवलेला सापडला. विझवून. पट्टा नीट गुंडाळून... आता उजेडात आल्यावर दिवा कुणीही काढतो, आणि मेहुणा तर बॅटरी जपणारा माणूस, पण गुंडाळून —

“दे इकडे,” धाकटी म्हणाली.

वाटाड्याची बहीण दारात उभी होती, गेलेल्या नवऱ्याचे बूट घालून, आत कापड कोंबून. दिवा तिने डोक्याला लावला तसा तो घसरून भुवयांवर आला.

“सैल आहे. कडी ओढ.”

“राहू दे.”

आजपासून ती शेवटचा माणूस. कड्यावरून घळीत, घळीतून गुहेत आणि गुहेतून धबधब्याच्या मागच्या अरुंद कपारीवरून पलीकडे, अशी ही वाट. पाहुणे किती का असेनात, पुढे वाटाड्या आणि मागे शेवटचा माणूस, मधे बाकी सगळे. सहा वर्षं मेहुणा शेवटी चालला. गमतीने सगळे त्याला शेपूट म्हणत. नाव वाटाड्यानेच ठेवलेलं. दुसरा कुणी मिळाला नसता असं नाही, पण धाकटी चार दिवस ओट्याशी पाठमोरी उभी राहून एकच वाक्य म्हणत राहिली, मला तिथून चालायचंय, आणि पाठीला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

“हाक मी मारणार, ओ तू द्यायची,” तो म्हणाला. “अवघड जागा आली की मी आधी पलीकडे जातो, मग एकेक जण. सगळ्यांत शेवटी तू. तू पार झालीस, मागे कुणी उरलं नाही, हे बघूनच म्हणायचं — आले.”

“आले.”

“नुसतं हो नाही, ओ नाही. येते, असंही नाही. आले.”

ती दिव्याखालून त्याच्याकडे बघत राहिली. “येते का नाही?”

“येते म्हणजे अजून आली नाहीस.”

“एवढं कळतं रे दादा मला. मास्तरासारखा काय बोलतोस?”

विचारलं नव्हतं तिने. येते हा शब्द मीच काढला, कुणी न विचारता. जिभेला काय झालं होतं... चौकशीला आलेल्या साहेबासमोर हीच जीभ किती सरळ चालली होती. मी पलीकडून हाक मारली, साहेब, आणि तो आलो म्हणाला. आलो? हो, आलो. म्हणजे कपार ओलांडल्यावर, मग कधीतरी, मागे फिरून पाय घसरला असेल? असेल, साहेब. साहेबाने लिहून घेतलं आणि लिहिलेलं हळूहळू खरं व्हायला लागलं. रोज थोडं, भिंतीला ओल चढते तसं.

पाहुणे पाच होते: निवृत्त झालेल्या एक बाई, त्यांचे यजमान, आणि एकाच कचेरीतले तिघे मित्र. पहिला थांबा कड्याच्या टोकाचा. लोखंडी कठड्याखाली दरी सरळ तुटलेली, तळाशी पाण्याची बारीक रेघ, आणि समोरच्या भिंतीवर तीन धबधबे, त्यांतला मधला त्यांच्या वाटेवरचा. यजमानांनी कठड्यावरून वाकून विचारलं, “इथून कुणी पडलंय का हो कधी?”

“पडलेला कुणी तक्रार घेऊन आला नाही अजून,” वाटाड्या म्हणाला.

सगळे हसले. वर्षानुवर्षं ह्याच जागी, ह्याच प्रश्नाला तो हेच बोलत आला होता; वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडलं आणि मग त्याला मागे कोण उभं आहे ते आठवलं. वळून बघायला मान तयार होईना. बघितलं तेव्हा धाकटी कठड्यावरचा गंज नखाने खरवडत होती.

मेहुणासुद्धा त्या दिवशी इथेच रेंगाळला होता. दोन्ही हात कठड्यावर, खाली बघत, सगळे पुढे निघाले तरी. आणि मी पाहुण्यांसमोर ओरडलो — शेपटाने मागे राहायचं असतं, तुटून पडायचं नसतं! केवढा हशा. तोही हसला... की चारचौघांत हसावं लागतं म्हणून हसला? घरात काही होतं का त्याचं? आठवडाभर जेवण टाकून उठत होता म्हणे. पण ते दाढेमुळे, असं धाकटीच म्हणाली होती. सहा वर्षं रोज बरोबर चाललो, आणि दाढ कुठल्या बाजूची तेही मला माहीत नाही. पुढे चालणाऱ्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, हेही खरं... पण वळायला कुणी बंदी केली होती?

घळीत उतरताना ऊन वरच राहिलं. दोन्ही अंगांनी खडक जवळ येत गेले, बाईंचे गुडघे कुरकुरू लागले, आणि यजमान त्यांना म्हणाले, “परत जायचं का? मी काही मनावर घेणार नाही.” “तुम्हालाच परत जायचंय,” बाई म्हणाल्या. तिघा मित्रांना ओल्या दगडावर पाय कसा आडवा टाकायचा ते धाकटी मागून सांगत होती. बरोबर सांगत होती, अगदी मेहुण्याच्या शब्दांत. म्हणजे तो घरी हे सगळं बोलायचा तर.

पहिल्या उतारानंतर त्याने हाक मारली. “आले,” धाकटी म्हणाली. दुसऱ्यानंतर, “आले.”

गुहेत पाहुण्यांना नेहमी थोडा वेळ बसवायचं, दिवे विझवून. मेहुणा तिथे गायचा. एकच ओळ, देवाला हाक मारणारी, आधी खाली, मग वर, मग अशी काही खेचलेली की छतसुद्धा साथीला उठायचं, आणि शहरातून आलेली वाचाळ माणसं लहान मुलांसारखी गप्प व्हायची. अंधारात वाटाड्याचे हात आपोआप जुळायचे. असं गाणारा माणूस... देवाला इतक्या जवळून हाक मारणारा माणूस स्वतःहून — नाही. आणि तेवढ्यात दुसरा विचार यायचाच, की इतक्या जवळ गेलेल्याला मग मधली वाट कशाला लागते.

आज कुणी गायलं नाही. छतातून थेंब पडत राहिले. “हे एवढंच का?” मित्रांपैकी एकाने विचारलं.

“एवढंच,” वाटाड्या म्हणाला.

मग उजेड, आणि पाण्याचा आवाज. गुहेचं तोंड धबधब्याच्या मागे उघडतं. तिथून पुढची कपार हातभर रुंद, वीस पावलं लांब, एका बाजूला खडकात ठोकलेली साखळी, दुसऱ्या बाजूला पडतं पाणी. तो आधी पलीकडे गेला. एकेक करून पाचही जण आले, बाई डोळे मिटून, यजमान बाईंपेक्षा घट्ट साखळी धरून. वळणामुळे इथून गुहेचं तोंड दिसत नाही. पाणी सगळं झाकतं, आवाज सोडून. कपारीच्या पन्हाळीतून तिकडचं बोलणं इकडे कानात ठेवल्यासारखं स्वच्छ येतं. साहेबाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

त्या दिवशीही मी इथेच उभा होतो, ह्याच दगडावर. हाक मारली आणि ओ आली — येतो.

आलो नाही. येतो. सहा वर्षांत एकदाही त्याने हा शब्द ओ म्हणून दिला नव्हता. मी ऐकला, आणि पाहुण्यांना म्हणालो, आला, चला. पाऊस भरून आला होता, चढ उरला होता... आला, चला. येतो म्हणजे निघालोच तुमच्या मागून? की रोज सकाळी उंबऱ्यातून बाहेर पाऊल टाकताना धाकटीला म्हणायचा, तसं येतो? पहिलं असेल तर मी थांबायला हवं होतं. दुसरं असेल तर ते मला म्हटलेलं नव्हतंच, ते तिचं होतं, आणि चार महिने तिची वस्तू मी दडपून बसलोय.

“आलीस का?” त्याने हाक मारली.

पाणी.

“आलीस का गं?”

“दादा.” आवाज अगदी कानाशी. ओरडत नव्हती, इथे ओरडावं लागत नाही हे तिला आता कळलं होतं.

“काय?”

“इथून तो काय म्हणाला होता?”

पाचही पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या जिभेवर आलो तयार होता, साहेबाने लिहिलेला, घासून गुळगुळीत झालेला. तो उचलला की झालं. त्याने साखळी धरली. एक पाय कपारीवर ठेवला. तिच्यापर्यंत जायला वीस पावलं, तिथे तोंडासमोर तोंड करून बोलता येईल, एवढंच त्याच्या मनात होतं — निदान त्याला तसं वाटलं.

“येतो,” तो म्हणाला.

आणि शब्द पाण्यामागे गेल्यावर त्याला कळेना, की आपण तिला उत्तर दिलं की नुसतं निघाल्याचं सांगितलं. त्याने शोधून पाहिलं. आत्ताच, स्वतःच्याच तोंडून सुटलेला शब्द, अजून ओठांना त्याची ऊब होती, आणि तरी त्याला सांगता येईना. पलीकडे ती गप्प होती. ऐकून गप्प, की वाट बघत गप्प... मागचा पाय दगडावरून उचलायचा होता आणि साखळी हातात गार पडत चालली होती.