माझी सुटलेली दांडी

मी बोलतोय, एका जुन्या लाल गाडीच्या इंजिनाला बिलगून बसलेला तेलपंप. मुठीत मावेन एवढाच. बॉनेट उघडलं तरी माझ्याकडे कुणाची नजर जात नाही. पण या घरात जे घडलं ते माझ्यापासून सुरू झालं, म्हणून सांगावंसं वाटतं.

आमच्या गाडीचं इंजिन जगावेगळं. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांना पातळ पट्ट्या असतात आणि त्या सतत भिंतीला घासत जातात. त्यांना कोरडं ठेवून चालत नाही. म्हणून मी इंजिनातलंच तेल थेंबाथेंबाने, बारीक नळ्यांमधून कार्बोरेटरकडे पाठवायचो. तिथून ते पेट्रोलसोबत आत जायचं. कार्बोरेटरपासून माझ्यापर्यंत एक सडपातळ दांडी होती. चालवणाऱ्याने पाय दाबला की ती मला ओढायची, मी जास्त तेल सोडायचो. पाय उचलला की मी हात आखडता घ्यायचो. कुणी शाबासकी दिली नाही, पण काम चोख होतं.

गाडी एका फोटोग्राफरची. त्याची थोरली बहीण गॅरेज चालवायची. वडिलांच्या मागे तिनेच ते सांभाळलं होतं. सगळे तिला ताई म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा. धाकट्या भावावर तिचा फार जीव. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

एके दिवशी तो एक नवा, मोठा कार्बोरेटर घेऊन आला. कडेवर बाळ घ्यावं तसा.

"ताई, हा बसव. गाडी वाऱ्याशी बोलेल बघ!"

ताईने तो उलटसुलट करून पाहिला. "देखणा आहे रे. पण पंपाच्या नळ्या कुठे जोडू? याला भोकंच नाहीत. दांडी अडकवायला जागा नाही."

"मग?"

"मग काय, भोकं पाडायची, एक पट्टी घडवायची. हातातली कामं उरकू दे, करते."

"तोवर थांबू? अगं, लोक तो पंप बंदच करून टाकतात. पेट्रोल भरलं की टाकीत थोडं तेल ओतायचं. झालं!"

"आणि विसरलास तर?"

"मी? माझ्या गाडीच्या बाबतीत?"

ताई हसली आणि तिने पाना उचलला. माझ्या नळ्या निघाल्या, तोंडं बुजली. लोक कामाला दांडी मारतात, माझी तर दांडीच काढून घेतली.

खरं सांगायचं तर तो कधी विसरला नाही. डिकीत तेलाचा डबा असायचा. टाकी भरली की तो मायेने तेल ओतायचा. गाडी खरंच वाऱ्याशी बोलायची. मी नुसता बसून ऐकायचो.

मग त्याच्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं. ते डोंगरापलीकडच्या गावात एकटेच राहायचे. त्याच वेळी याला कामासाठी परगावी जायचं होतं. निघताना तो बायकोला म्हणाला, "बसचे धक्के कशाला खातेस? गाडी आहे ना दारात. रोज जाऊन ये बाबांकडे."

किल्ली दिली. कुठला गिअर जड पडतो ते सांगितलं, आरसा कसा फिरवायचा ते सांगितलं. तेलाचं सांगितलं नाही.

ती शाळेत शिकवायची. शाळा सुटली की तशीच निघायची, शेजारच्या सीटवर बाबांसाठी पेजेचा डबा. टाकी रिकामी झाली की पेट्रोलपंपावरचा माणूस ती भरून द्यायचा. डिकीतला डबा तिला दिसला होता, पण असेल काहीतरी जादाचं, म्हणून तिने तो नीट कोपऱ्यात सरकवून ठेवला. आत पट्ट्या कोरड्या घासत होत्या. तेल माझ्या पोटात होतं आणि तोंड बुजलेलं. असा जीव कुणाचा टांगणीला लागू नये.

काही दिवसांनी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. तिने फोनवर विचारलं.

"थंडी पडली असेल. चोक ओढून बघ," तो म्हणाला. घाईत होता.

आणि एका दुपारी तिला शाळेतच निरोप आला: बाबांचं जास्त झालंय, तुझं नाव घेताहेत. ती वर्ग सोडून धावली. चढाच्या मध्यावर इंजिनाने मान टाकली. तिने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. "चल ना, बाई, एवढा चढ चल," म्हणत राहिली. शेवटी एका टेंपोवाल्याने तिला पुढे नेलं.

ती पोचली तेव्हा शेजारणीने बाबांचे डोळे मिटले होते.

तिने नवऱ्याला फोन केला. "गाडी बंद पडली वाटेत," एवढंच कसंबसं बोलली.

"बंद पडली? काय केलंस तू? गरम झाली होती का?"

तिने फोन ठेवून दिला.

पुढे तो परतला. ताईने इंजिन उघडलं तेव्हा नवरा-बायको दोघं समोर उभे होते. पट्ट्या झिजून गेल्या होत्या, भिंतीवर ओरखडे.

"वहिनी, टाकीत तेल किती घालत होतीस?" ताईने हळूच विचारलं.

"कसलं तेल?"

ताईने भावाकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. "मला वाटलं... हिने रोज बघितलंय मला ओतताना."

"मी तुझ्याबरोबर पेट्रोलपंपावर कधी आले होते?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चूक माझीही आहे," ताई म्हणाली. "नळ्या मीच काढल्या." पण वहिनी तोवर बाहेर पडली होती.

नंतर ताईने सगळं मनापासून केलं. इंजिन नव्याने बांधलं, कार्बोरेटरला भोकं पाडली, पट्टी घडवून नवी दांडी बसवली. आता टाकीत काही ओतावं लागत नाही. कुणाला काही न विचारता कुणीही चालवावी, अशी गाडी झाली.

वहिनी एकदाच गॅरेजमध्ये आली, ताईला घरी जेवायला बोलवायला. बॉनेट उघडं होतं. "कुठे असतं ते?" तिने विचारलं. ताईने मला दाखवलं. तिने बोटाने माझी दांडी ओढली, सोडली. पुन्हा ओढली.

"एवढंच?"

"एवढंच गं."

तिने पदराला बोट पुसलं.

ती अजून बसनेच जाते. तो दर सुट्टीला अंगणात गाडी सुरू करतो, गाडी बसून बिघडू नये म्हणून. मी माझं तेल सोडत राहतो. स्वयंपाकघराची खिडकी आतून बंद होते. मग तो गाडी बंद करतो.

माझ्यासारखे पंप तुम्ही खुशाल काढा, आमची तक्रार नाही. पण दुसऱ्याच्या हातात किल्ली देताना दोन शब्द जास्त बोला. आम्हाला बोलता येत नाही हो.