निघण्याआधी घटकाभर

या मित्रांनो, जवळ या. उभे राहू नका, बाकाची गोष्ट उभ्याने ऐकायची नसते. जरा सरकून घ्या, शेजारच्यालाही जागा द्या. हं, आता कान द्या. एका मुलीची गोष्ट सांगतो. आज तिचा खेळ दूरदूरचे लोक पाहतात. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मी एक जुना बाक आहे. व्होल्गाकाठच्या किनेश्मा गावात एक कापडगिरणी बंद पडली. तिच्या एका लांबलचक दालनातले माग उचलून नेले आणि तिथे टेनिसचं कोर्ट झालं. गिरणीच्या जुन्या लाकडी जमिनीच्या उरलेल्या फळ्यांतून माझा जन्म. ओल्या दिवसांत माझ्या अंगाला अजून मागाच्या तेलाचा वास येतो.

कोर्टावर राज्य होतं टेनिस शिकवणाऱ्या आमच्या बाईंचं. नाव कपितोलिना अर्खीपोव्हना. नाव जेवढं लांब, बोलणं तेवढं तोडकं. डोक्याला रुमाल, गळ्यात छोटासा क्रूस, पिशवीत कोबी भरलेल्या पुऱ्यांचा डबा. कुठलंही काम देवाचं नाव घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि सुरू केलेलं अर्धवट टाकायचं नाही, हा त्यांचा बाणा.

ती मुलगी, उस्त्या, तिथे टेनिससाठी आलीच नव्हती. तिचा बाप येफिम गावची बस चालवायचा. आई नव्हती, घरी सांभाळायला कोणी नव्हतं.

"दोन फेऱ्या मारून येतो, हिला इथे बसू द्या," एवढं म्हणून तो तिला माझ्यावर ठेवून गेला.

एक चेंडू घरंगळत माझ्या पायांखाली आला. ती सरपटत आत शिरली, चेंडू घेऊन बाहेर आली, पण कोणाला दिला नाही. भिंतीवर मारला, झेलला, पुन्हा मारला.

"कोणाची गं ही चिमणी?" बाईंनी विचारलं.

"बसची!" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती बाईंची चिमणी झाली.

आमचं छप्पर गळायचं. बर्फ वितळायला लागलं की कोर्टाच्या बरोबर मध्ये बादली ठेवावी लागे. इतर मुलं बादलीला चुकवून खेळत. उस्त्या मुद्दाम तिच्या कडेला चेंडू टाकी. बाई ओरडत, "बादलीला हरवून काय मिळणार, पोरी? ती कुठे पळतेय!" पण ओरडताना त्यांच्या गालाला खळी पडे, ती मी पाहिली आहे. उस्त्याची अचूक नजर त्या गळक्या छपराचं देणं आहे.

आमच्या देशात लांबच्या वाटेला निघण्याआधी सगळे घटकाभर बसतात. गप्प. मग सगळ्यांत धाकटं असेल त्याने आधी उठायचं, आणि मगच मोठ्यांनी. प्रत्येक स्पर्धेआधी ही बैठक माझ्यावरच व्हायची. शेंडेफळ म्हणून आधी उठायचा मान उस्त्याचा. टुणकन उडी मारून ती म्हणायची, "चला, देवाचं नाव घेऊन!"

पहिला चषक यारोस्लाव्हलहून आला, तेव्हा त्यात सुक्या सफरचंदांचं सरबत ओतून सगळी पोरं आळीपाळीने प्यायली. माझ्यावरही सांडलं. एकदा समाराहून ती हरून आली. माझ्यावर पालथी पडून रडली.  बाईंनी शेजारी बसून डबा उघडला. "खा. हरणाऱ्यालाही भूक लागते."

अशी ती वाढली. चौदाव्या वर्षी गावातच काय, आसपासच्या कुठल्याच गावात तिला तोडीस तोड खेळाडू उरला नाही. तेव्हा मॉस्कोहून एक गृहस्थ आले. तिचा खेळ पाहिला, चहासुद्धा न घेता तिला मॉस्कोला शिकवायला नेण्याचा होकार देऊन गेले. त्यांना कोणी बोलावलं, हे उस्त्याला निघायच्या दिवशी कळलं. मार्च महिना होता, बादलीत टपटप चालू होती.

"तुम्ही बोलावलंत त्यांना?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला मी नकोशी झाले!"

"मला येत होतं तेवढं तू शिकून संपवलंस, चिमणे. रिकाम्या पातेल्यात डाव किती फिरवायचा?"

"मग शोधा दुसरी चिमणी!" तिने पिशवी खांद्याला मारली आणि निघाली. बसलीच नाही.

बाई माझ्या एका टोकाला बसून राहिल्या. दुसरं टोक त्यांनी तसंच मोकळं ठेवलं होतं. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळांनी भार टाकला, पण त्या एकट्या म्हाताऱ्या बाईएवढा जड भार मी कधी पेलला नाही.

तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला. दार ढकलून उस्त्या आत आली. मागून बाप, त्याच्या मागे तिकिटांची पिशवी सावरत कंडक्टरीण फेदोस्या, आणि तिच्या मागे सगळी बस!

"मी सांगत होते हो, निघाल्यावर मागे फिरू नये, वाईट असतं!" फेदोस्या दारातूनच सुरू झाली. "पण पुलापाशी ही बया म्हणते, 'बाबा, आम्ही बसलो नाही.' झालं! या येफिमने तिथेच करकचून ब्रेक मारला. माझी नाणी बसभर!"

"न बसता पोरीला एवढ्या लांब धाडायची?" मासळीची बादली घेतलेले आजोबा म्हणाले. "मीच म्हटलं, फिरव गाडी."

"आजोबा, तुम्हाला दवाखान्यात जायचं होतं ना?" फेदोस्याने विचारलं.

"दवाखाना कुठे पळतोय!"

बाई उठल्या नाहीत. डोळे मात्र पुसले. "परत आलीस? आधी आरसा बघ, अपशकुन तरी टळेल."

आरसा कुठला! बाईंनी चहाची किटली पुढे केली. उस्त्याने किटलीच्या पोटात आपलं फुगलेलं तोंड पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे जीभ बाहेर काढली. सगळे हसले. रडता रडता तीही हसली.

"बसा," बाई म्हणाल्या.

सगळे बसले. माझ्यावर मावले तेवढे माझ्यावर, उरलेले आपापल्या पिशव्यांवर. एवढी माणसं, पण चकार शब्द नाही. फक्त बादलीत थेंब.

आता उस्त्याने उठायचं होतं. ती उठेना. तिने माझी कड घट्ट धरून ठेवली होती. फेदोस्या घड्याळाकडे पाही, येफिमकडे पाही. मॉस्कोची आगगाडी सुटायची वेळ झाली होती. पण धाकटं बसलेलं असताना मोठ्याने उठायचं कसं?

आणि माझं एक टोक हलकं झालं. बाई उठल्या होत्या. गुडघे कटकट वाजले.

"चला, देवाचं नाव घेऊन," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "ऊठ गं. मी उठलेय. आता तुला बसून चालायचं नाही."

उस्त्याने त्यांच्या रुमालात तोंड खुपसलं, आणि पळाली. बस स्टेशनापर्यंत कुठेच थांबली नाही, आणि कोणी तक्रार केली नाही. गाडी मिळाली.

पुढे दालनात टीव्ही आला. मोठमोठ्या कोर्टांवर उस्त्या दिसू लागली. सामन्याआधी इतर खेळाडू उड्या मारत, ही गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसे. टीव्हीवरचा माणूस म्हणे, "मनाची तयारी चाललीय."

"तयारी कसली! बसलीय ती," बाई म्हणत. मग माझ्यावरून त्या आधी उठत. "मी उठल्याशिवाय उठायची नाही पोर." आणि खरंच, पडद्यावर ती लगेच उठे.

एका वसंतात बाई गेल्या. दालनात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला अंगणात सरपणाशेजारी ठेवलं. माझा एक पाय कुजलाय. परवा खिडकीतून टीव्ही दिसला. उस्त्या बसली होती. पंचांनी पुकारा केला, तरी बसलेलीच. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. आता आधी उठणार कोण?

मित्रांनो, माझ्यावर तेव्हा कोणी नव्हतं. तरी माझं ते बाईंचं टोक अचानक हलकं झालं. आणि उस्त्या उठली.

ती जिंकली की हरली, ते तुम्ही मोठ्यांना विचारा. माझं मागणं दुसरंच आहे. जुना बाक दिसला तर सरपणात टाकू नका, कोणाची तरी जागा त्यावर असते. आणि लांब निघाल तेव्हा घटकाभर बसा, उस्त्याला जाता यावं म्हणून ज्या आधी उठल्या, त्या कपितोलिना अर्खीपोव्हनांची आठवण काढा.